तीन ओळींत तीन हिवाळे

पहिल्या हायकूत मी बर्फ घातला,
बर्फ उपसायचं यंत्र घातलं,
वर थंडीही घातली, कमी पडायला नको म्हणून.
ओनोदेराबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला:
"सेकिगुचीसान, तीन ओळींत तीन हिवाळे?
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,
तुम्ही तर शस्त्रागार उघडलंत."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
बाईंचं बियाण्यांचं दुकान, त्याच्या माडीवर
महिन्यातून दोनदा आम्ही सात जण बसतो,
मधोमध रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली.
एकोणतीस वर्षं मी तोकामाचीत बर्फ उपसतोय,
रात्री दोनला निघतो, सातच्या आत रस्ता मोकळा.
मला बर्फ शिकवणार?

पण बाई म्हणाल्या, एकच शब्द.
तो असा ठेवा की बाकीचा ऋतू
आपसूक त्याच्यामागून घरात येईल,
चपला काढून.

मग तो कोश, ऋतुशब्दांचा, खिशात मावणारा,
जुन्या बाजारातला; 'बेडूक' ज्या पानावर आहे
तिथे कुणाचा तरी चहा सांडलेला.
गाडीत, डॅशबोर्डच्या उजेडात वाचायचो.
चंद्र म्हटलं की शरद. नुसता चंद्र, पुढे काही सांगायचं नाही.
झोपाळा वसंताचा. साबणाचे फुगे वसंताचे.
डोंगर वसंतात हसतो, हिवाळ्यात झोपतो.
आणि कलिंगड म्हणे शरदाचं!
मी भांडलो. ऑगस्टात खातो आम्ही कलिंगड,
घामाच्या धारांत, बिया अंगणात थुंकत.
"पंचांग बदललं," बाई म्हणाल्या,
"शब्दांनी घर बदललं नाही."

सेइया डावीकडे बसायचा.
मदतनीस. वय तेवीस. काम एवढंच:
मी उजवीकडे बघत असताना डावीकडे बघणं,
गटारांची झाकणं, उभ्या मोटारींचे आरसे, मांजरं.
मी मोठ्याने अक्षरं मोजायचो, पाच, सात, पाच.
तो मांडीवर ठेका धरायचा
नि एक जरी अक्षर जास्त झालं
की "खांब!" म्हणून ओरडायचा.
फेब्रुवारीत एका पहाटे म्हणाला, नागोयाला चाललोय,
मोटारींच्या कारखान्यात. तिथे बर्फ फारसा नसतो.
मी म्हणालो, बरं.
आणखी काय म्हणता आलं असतं
ते चार दिवसांनी सुचलं.

मार्चअखेर कोशात सापडलं: युकिमा.
बर्फ वितळताना मध्येच उघडी पडते ती जमीन,
थाळीएवढी, काळी, ओली. वसंताची सुरुवात.
दरवर्षी पाहिलीय मी ती.
तिला नाव असतं हे माहीत नव्हतं.
त्याच आठवड्यात, शाळेच्या वळणावर,
तशाच एका फटीत सेइयाचा हातमोजा निघाला,
जानेवारीत हरवलेला, नारिंगी, डावा.

मी लिहिलं:

    बर्फात फट,
    डाव्या हातमोज्याची
    पाचही बोटं.

"हातमोजा हिवाळ्याचा, फट वसंताची," बाई म्हणाल्या.
"दोघांपैकी एकाला घरी पाठवा."
मी मोजा काढला. उरलं ते असं:

    बर्फात फट,
    कुणाचीतरी बोटं
    अजून वर.

"हे आधी पोलिसांना कळवायला हवं,"
औषधवाल्या मिनागावाबाई म्हणाल्या,
आणि त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

यंत्र डेपोत जमा करायच्या दिवशी
मी ते धुतलं. चाकं, पातं, दिवे.
हातमोजा वाळवून पाकिटात घातला,
नागोयाचा पत्ता ऑफिसातून मागून घेतला.
सोबत चिठ्ठी लिहायला बसलो तर
पेन पुन्हा 'बरं'च्या पुढे सरकेना.
तेव्हा हे लिहिलं. बाईंना दाखवलेलं नाही.

    बर्फात फट,
    डावीकडचं सीट
    पुसून घेतो.

ऋतूचा शब्द एकच आहे, तपासून पाहिलं.
अक्षरंही मोजली, मोठ्याने, मांडीवर ठेका धरून.
कुणी "खांब" म्हणालं नाही.