दीडपट

टोपेसरांच्या जुन्या रेडिओ-भाषणांतून
नुसतं "बरं का" वेगळं कापलं,
झाला ठेका.
खोकला ढोलावर नेमका बसला.
"प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर"
जरा पळवलं.
मधला पाण्याचा घोट
हात न लावता ठेवला.

आठव्या माळेला दांडिया बाजारात वाजवलं.
दिव्याभोवती घेर धरला:
फाल्गुनीबेन, गुर्जरांची जुळी,
इस्त्रीवाला जयंतीभाई,
आपापल्या कक्षेत.

सर काठी टेकत आले.
शेवटपर्यंत ऐकलं.
"प्रकाशाचा वेग
कुणाच्या बापाला वाढवता आला नाही,
आणि तू दीडपट केलास, गाढवा?"

मग काठी माझ्याकडे दिली.
तीन टाळ्या,
एक गिरकी
सगळ्यांच्या उलट,
शुक्रासारखी.