पन्नासवर थांबलेली रेघ

टाम्पेरेत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
आठ माणसं ओले कोट खुंटीला लावून
अर्धवर्तुळात बसतात,
मी प्रत्येकाच्या हातात फिरवायची एक चकती देते.
शून्य म्हणजे नकोसं. शंभर म्हणजे फारच छान.
सुरुवात पन्नासपासून.
जसं वाटेल तशी फिरवत राहा,
विचार करू नका.
हे वाक्य मी बारा वर्षं म्हणतेय, विचार न करता.

आरशामागे हेलसिंकीहून आलेले चौघं,
त्यांच्यापुढे दालचिनीचे पाव
आणि काचेवर हलणाऱ्या आठ रेघा.

जाहिरात तीस सेकंदांची:
तळं, लाकडी धक्का, पहाट,
एक बाई, दोन कप,
मागून धावत येणारं कुत्रं,
आणि अगदी शेवटी कॉफीचं पुडकं, लाल, नावासकट.

आठ शितं चाचपायची
आणि पंचावन्न लाखांचा भात शिजला की नाही ते सांगायचं,
यावर माझं घर चालतं.

सातव्या सेकंदाला कुत्रं येतं, रेघा उसळतात.
ताइमीबाईंचा अंगठा तर शंभराच्याही पुढे जाऊ बघतो.
सव्विसाव्याला पुडकं येतं
आणि रेघा उतरतात,
बर्फाळ पायरीवरून उतरावं तशा, कठडा धरून.
आरशामागे कुणीतरी पाव खाली ठेवला असणार.

एकच रेघ
पन्नासवर होती, पन्नासवर राहिली.

ओइवा कांकारे, एकाहत्तर, कागद गिरणीतून निवृत्त.
माझ्या कानातल्या यंत्रात आकडेवाला कुजबुजला,
"सहावी चकती बिघडलीय."
मी बदलून दिली. जाहिरात पुन्हा लावली.
पुन्हा पन्नास.

असं एकट्याला विचारायचं नसतं, बाकीचे बावरतात.
तरी विचारलं: काहीच वाटलं नाही का?
त्यांनी बराच वेळ घेतला.
इथे माणसाला तेवढा वेळ देतात.

"धक्क्याची तिसरी फळी नवी आहे. बाकी जुन्या.
बाई कॉफी ओतते, पीत नाही.
दुसऱ्या कपाचा कान पाण्याकडे,
म्हणजे येणारा काय पोहत येणार?
कुत्रं कोरडं, आणि मागे ठसे ओले."

आणि कॉफी?

"तीच पितो. त्रेचाळीस वर्षं."

मग जाहिरात आवडली की नाही?

"त्यांना विकायचीय, मला घ्यायचीय.
त्यात आवडायचं काय?"

ताइमीबाई हसल्या, मग सगळेच.
ओइवा चकतीकडे बघत होते,
परत कुठे ठेवायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावले.
काल काय पाहिलंत? आठवेल ते सांगा.
कुत्रं सगळ्यांना आठवत होतं.
यूसोला ती बाई मावशीसारखी वाटली,
मग तो मावशीबद्दलच बोलत राहिला, अकरा मिनिटं.
कॉफीचं नाव दोघांनी सांगितलं,
त्यातलं एक दुसऱ्याच कंपनीचं.
ओइवांचा फोन वाजत राहिला.

अहवालात लिहिलं:
कुत्रं परिणामकारक. पुडकं लवकर आणावं.
सहावा प्रतिसादक आधीचाच ग्राहक, सरासरीतून वगळला.
वगळल्यावर कुत्र्यापाशी सरासरी चार अंकांनी चढली.
सगळं पद्धतीला धरून. कुणी बोट ठेवणार नाही.
खाली बारीक अक्षरात एक तळटीप घातली:
कुत्रं ओलं करा.

फेब्रुवारीत ती टीव्हीवर आली, नव्याने चित्रित केलेली.
मी भांडी पुसत उभी होते.
कुत्रं ओलंचिंब, अंग झाडत आलं.
कपाचा कान वळवलेला.
बाईने घोटसुद्धा घेतला.
फळी मात्र नवीच, तिसरी,
पिवळसर, खिळ्यांची डोकी चमकणारी.
मी तिच्याकडेच बघत राहिले.

पुडकं कधी येऊन गेलं,
कळलं नाही.