पायऱ्या सतराच होत्या

ब्लॅकमोर्नच्या माळ्यावर जाणाऱ्या पायऱ्या सतरा होत्या.
मला पाठ आहेत. मर्लला तर झोपेतही पाठ.
लुननबर्गला, हेरिंगच्या वासाच्या त्या घरात
गोधडीखाली एकच टॉर्च, दोघींची दोन डोकी,
पान मी उलटायचं, पण ती "हं" म्हणाल्याशिवाय नाही.
सतराव्या पायरीवर ऑगस्टा मावशी थांबायची
आणि दाराआड कुणीतरी केस विंचरत असायचं.
कोण, ते चार पुस्तकं सांगितलं नाही बाईंनी.
नुसता फणीचा आवाज.
आम्ही आठवडाभर केसांना फणी लावली नव्हती.

मग बाई गेल्या.
पेपरात चार ओळी आल्या, फोटो जुना,
आणि दीड वर्षानं पाचवं पुस्तक आलं.
वर बाईंचंच नाव, पूर्वीपेक्षा मोठं, सोनेरी,
बोट फिरवलं तर हाताला लागणारं.
आत, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या टायपात:
बाईंच्या टिपणांवरून.

कसली टिपणं?
चाळिसाव्या पानावर पायऱ्या एकोणीस झाल्या.
ऑगस्टा मावशी, जी जन्मात रडली नव्हती,
प्रकरण संपलं की रडायला लागली, नळ गळावा तशी.
आणि सत्तराव्या पानावर दार सरळ उघडलं.
आत एक मुलगी. नाव, वय, कुणाची कोण,
सगळं सांगून टाकलं तिनं, बँकेत फॉर्म भरावा तसं.
फणी टेबलावर पडलेली. फणीबद्दल अक्षर नाही.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात.
भीतीचं येत नाही.

तरी मी सहावं घेतलं. सातवंही.
फिश प्लँटवर जेवणाच्या सुट्टीत, हातमोजे काढून,
कॉडचे खवले चिकटलेल्या बोटांनी वाचायचे
आणि हॅलिफॅक्सला मर्लला फोन करायचे,
"वीस झाल्या पायऱ्या."
"घर वाढतंय गं," ती म्हणायची, "भाडेकरू ठेवले असतील."
अकराव्यापर्यंत आम्ही हसत होतो.
बारावं आलं तेव्हा फोन उचलायला ती नव्हती.
ते मी एकटीनं वाचलं. सगळ्यांत वाईट तेच होतं,
किंवा नसेलही.

आईला सांगितलं होतं मी, दोनदा.
दोन्ही वेळा ती नव्यानं कोसळली.
तिसऱ्यांदा यारमथच्या नर्सिंग होममधून
फोनवर तिनं विचारलं, "मर्ल का गं?"
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

मग दर रविवारी.
टिपणं माझ्याकडे भरपूर होती.
मर्लचं श्वास आत ओढून हसणं,
हॅलिफॅक्सचं धुकं, तिचं मांजर, तेही गेलेलं,
शेजारचा ग्रीक माणूस, त्याचे टोमॅटो.
टोमॅटो मी पिकवत नेले. ग्रीकाचं लग्न लावलं.
एकदा तर मर्लला बढती दिली.
आई ऐकायची. "हं" म्हणायची.
मी पान उलटायचे.

मार्चमध्ये, बंदरावर गारा आपटत असताना,
ती मध्येच म्हणाली,
"तू मर्ल नाहीस.
नीट जेवलीस का, असं मर्लनं मला
कधी विचारलं नाही. ते ग्लेंडा विचारते."

बराच वेळ तारेच्या दोन्ही टोकांना
फणीचासुद्धा आवाज नव्हता.

मग आई म्हणाली, "बरं, त्या ग्रीकाला मूलबाळ?"

तेरावं पुस्तक काल टपालानं आलं.
कुणीतरी कुठल्यातरी खोलीत दिव्याखाली बसून
लिहिलं असेल, त्यालाही भाडं भरायचं असेल,
टेबलावर बाईंची चार पुस्तकं, कोपरे दुमडलेली,
तोही पायऱ्या मोजत असेल, चुकत असेल.
कीव वगैरे आली नाही. पुस्तक वाईटच आहे.
मी पेन्सिल घेतली,
अकराव्या पानावरचं "बावीस" खोडलं,
समासात लिहिलं: सतरा.
आणि पान उलटण्याआधी, सवयीनं,
जरा थांबले.