झाकणाच्या आतल्या बाजूला

नाव सांगा ताई, सावकाश.
तेजल आनंदा खोत. सहावी ब.
गाव बी घालूया खाली, बारीक,
हरवलेली पेटी गावानंच सापडती.

पांढरा ऑइलपेंट हाय, वाळायला अर्धा तास.
तवर बसा. समोरनं चहा सांगतो.
लक्ष्मीपुरीत बावीस वर्षं झाली या स्टुलावर,
दर जूनला रडारड हितनंच सुरू हुती आयांची.
बापांची जरा पुढं, दसरा चौकात,
हेल्मेटच्या आत.

कुलपाच्या किल्ल्या तीन करा.
एक तिच्या गळ्यात, एक रेक्टरबाईंकडं,
एक तुमच्या देव्हाऱ्यात.
कपड्यांवर नाव दोऱ्यानं घाला, आतल्या अंगानं,
पेनाची शाई तिसऱ्या धुण्याला जाती.
चादर नवीन नको. घरात वापरलेली द्या,
न धुता दिली तरी चालतंय.
हे त्यांच्या यादीत नसतंय.

बटण लावता येतं का तिला? आज रात्री शिकवा.
वेण्या घालता येत नसतील तर केस कापा,
पण तिला विचारून.
लाडू द्यायचे तर खोलीत पोरी किती, ते आधी विचारा.
चार दिले तर चोरून खाईल,
चाळीस दिले तर चार मैत्रिणी होतील.
रात्री अंथरूण ओलं होत असंल कधी,
असंलच असं न्हाई म्हणत मी,
तर रेक्टरबाईंना बाजूला घेऊन सांगा.
तिच्या देखत न्हाई. आणि हसत तर न्हाईच.

सोडायला गेलासा की गादी तुम्ही घालू नका.
ती घालंल. वाकडी घालंल. राहू दे.
आणि "रविवारी येतो" असं तोंडातनं काढू नका.
पोर सातला गेटवर उभं राहतंय,
तुमची एसटी राधानगरीतनं निघती नऊला.

फोनवर "आठवण येती का" कशाला विचारायचं?
येतीच की.
त्यापेक्षा विचारा, शेजारच्या खाटंवर कोण झोपतंय,
तिचं गाव कुठलं, ती घोरती का.

साहेब, तुम्ही काय बोलंनासा.
अक्षर बरोबर हाय न्हवं?

एक सांगतो.
दिवाळीला पेट्या माघारी येतात माझ्याकडं,
कडी तुटलेली, कोपरा चेपलेला.
झाकण उघडलं की आतल्या पत्र्यावर रेघा असतात,
खिळ्यानं, कर्कटकानं ओढलेल्या,
दिवसाला एक.
चार उभ्या, पाचवी आडवी.
मोजायची सवयच लागलीय मला.
कुणाच्या सतरा, कुणाच्या तीस,
मग एकदम बंद. पुढं कोरा पत्रा.
तिथं पोर रमलेलं असतंय.
कुणाला सांगितलेलं नसतंय त्यानं,
स्वतःला बी.

आमच्या शौकतची पेटी मीच रंगवलेली.
वळणदार नाव, निळी सावली दिलेली अक्षरांना,
गिऱ्हाइकाला देत न्हाई तसली.
सुट्टीला तो पिशवी घेऊन यायचा, पेटी तिकडंच.
दर शुक्रवारी विचारायचो, बरा हाईस न्हवं?
म्हणायचा, बरा हाय अब्बा.
वर्षानं पेटी घरी आली.
रेघा या कडंपासनं त्या कडंपतोर,
जागा संपली तर तळाला.
दोनशे अकरा.

परत न्हाई पाठवला.
आता कागलात गॅरेज हाय त्याचं, झकास चाललंय,
तो विषय वेगळा.

तर दिवाळीला पेटी घरात आली की
ती आंघोळीला गेल्यावर
झाकण उघडून आतल्या बाजूला बघा.
मोजा. तिला विचारू नका.
मोजून झाल्यावर काय करायचं
ते तुमचं तुम्हाला कळंल.

हां हां, बोट नका लावू, ओलं हाय अजून.
चहा घ्या, गार होतोय.
खोतातल्या 'त'ला जरा ओघळ आलाय,
तेवढा पुसतो.