सव्वातीन पानं

कागद सुटता सुटेना.
लांजेवार सरांनी रिबिनीला परकराच्या नाडीसारखी गाठ मारलेली,
आणि शाळेच्या टेबलामागे उभा राहून
मी ती नखानं कोरत होतो.
बोटं थरथरली.
पहिल्या रांगेतली कुजबुज एकदम थांबली.
रेवंतानं पदराचं टोक दातात धरलं.
गाठच होती फक्त. पण आमच्या गावाला
माझ्या बोटांचा इतिहास पाठ आहे.

मग सभापती आले, पाऊण तास उशिरा.
खिडकीतून खर्र्याची पिचकारी मारून,
ओठ पुसून, व्यसनमुक्तीवर बोलले.
टाळ्या त्यांनाही पडल्या.
मला शाल, नारळ
आणि पाण्याची सीलबंद बाटली,
जिचं झाकण फिरवताना होणारा तो कडकड आवाज
सात वर्षांनंतरही मला
कानात नाही, मानेत ऐकू येतो.

मी उतारा वाचला. पान एकाहत्तर.
बाबा गेले त्या दिवशी थेंबाला शिवलो नाही,
असं त्यात आहे.
वाचताना आवाज जड झाला, बायकांनी डोळे टिपले.
आणि शपथेवर सांगतो,
मलाही ते खरंच वाटत होतं.

चपलांच्या ढिगाजवळ सुलकनबाई बसलेली.
तिला पत्रिका कोणी दिली नव्हती.
नाल्यापलीकडच्या तिच्या पडवीत
अकरा वर्षं मी दोन्ही वेळा हजर होतो,
शाळेतही नव्हतो इतका.
सह्या घेणारे आठ-दहा जण पांगले तशी उठली,
कमरेची पिशवी सोडली, वही काढली:
चौकटीची, गणिताची, वर नातवाचं नाव.
तिला अक्षर येत नाही.
पावाला उभी रेघ, बाटलीला गोल.
गिऱ्हाईक ओळखायला कोपऱ्यात चित्र.
माझा चष्मा काढलेला, एक काडी तुटकी,
होतीच तशी तेव्हा.

"तुयं पुस्तक केवढ्या पानाचं?"
दोनशे अठ्ठावीस, मी म्हणालो.
"माह्या वहीत तू सव्वातीन पानाचा."

तांदळातले खडे निवडावेत
तसं बोट फिरवत गेली रेघांवरून
आणि थांबली.
दोन गोल. शेजारी
चार काड्यांची एवढीशी तिरडी.
"हा तुया बाप गेला तो रोज.
दुपारी एक. मंग लोकं घाटावरून पलटले तवा एक.
मी पैसे नोको म्हनलं होतं.
तूच म्हनला, लिव."

मंडपवाल्याचं पोरगं खुर्च्या एकात एक घालत होतं.
त्या आवाजाचा मला आधार वाटला.

"बाराशे चाळीस. पुस्तकाचे दोनशे काट.
माफ नाही करत बाप्पा.
माफ केलं का मानूस परत येते."

हजार चाळीस मोजून दिले. शालीत बांधलेल्या
सत्काराच्या पाकिटातून, आणि वरचे रेवंताकडून.
मग तिच्या प्रतीवर सही करायला पेन उघडलं.
"नाव नोको. मले कुठं वाचता येते.
निशानी कर काही."
मी पान एकाहत्तर काढलं,
समासात दोन गोल केले.
तिरडी काढायला हात वळेना.
ती तिनं काढली, माझ्याच पेनानं,
आणि पेन झटकून परत दिलं.

रात्री उरलेल्या प्रती ऑटोत चढवताना
रेवंताला विचारलं, तीनदा प्रुफं वाचलीस तू.
तुला माहीत होतं?
ती गठ्ठा मांडीवर घेऊन बसली.
"घाटावरून कोन आनलं होतं तुमाले धरून?"
मग बोलली का नाहीस?
"तुमी लिहीत होते," ती म्हणाली,
"हातात पेन होता. मी म्हनलं, राहू द्या."
ऑटो सुरू झाला.
नाल्याच्या वळणावर ती म्हणाली,
दुसऱ्या आवृत्तीत बदलून घेजा तेवढं पान.
दुसरी आवृत्ती!
एकशे एक्क्याण्णव प्रती पायाशी घेऊन
आम्ही इतके हसलो
की ऑटोवाल्यानं मागे वळून
माझ्या तोंडाचा वास घेतला.