आरशातली प्रत

नकाशा क्रमांक एकवीसशे चौऱ्याहत्तर.
टपालाने आला, गुंडाळीत, पाच प्रती.
नाव 'मेपल रिज'.
आमच्या जमिनीवर मेपल नाही, टेकाड तर नाहीच;
डॉफिनपासून अकरा मैल सपाट कनोला
आणि वायव्येचा वारा,
ज्याच्या वाटेत कुणी कधी काही उभं केलेलं नाही.

ज्याने हे घर काढलं त्याला थंडी ठाऊक नव्हती.
पुढे ऐसपैस व्हरांडा, झुलत्या बाकासकट;
बूट काढायला वीतभर जागा नाही.
पायाची खोली लिहिली होती दीड फूट.
क्रावचुक हसला नाही, पेन्सिलीला टोक काढलं
आणि दीडच्या जागी सहा लिहिलं.
"माती तिथवर गोठते," म्हणाला,
"बाकी सगळं आवडीनिवडीचं."

भिंत सरकवायचे नव्वद डॉलर, खिडकीचे चाळीस.
खोडण्याचे पैसे नाहीत,
म्हणून मी आधी खोडूनच घेतलं:
शेकोटी, बारा माणसांची जेवणखोली,
तो व्हरांडा.
मग तळघरात दुसरं स्वयंपाकघर मागितलं,
आईचं होतं तसं, तिच्या आईचं होतं तसं,
बीट उकडायला, पिरोही लाटायला,
वरचं शोभेला राहावं म्हणून.
कशाला, हे क्रावचुकने विचारलंसुद्धा नाही.
त्याच्याही घरी असणार.

मधल्या एका भिंतीवर मी बोट ठेवलं.
"हिच्यावर छप्पर आहे."
"आणि ही?"
"ही नुसती उभी आहे."
ती काढली.

एवढं झाल्यावर लक्षात आलं, गॅरेज चुकीच्या अंगाला.
वारा सरळ स्वयंपाकघराच्या दारावर.
मग कंपनीकडून आरशातली प्रत मागवली.
डावं ते उजवं झालं, आणि अक्षरंही फिरली:
खोल्यांची नावं पाठमोरी, आकडे पाठमोरे.
उत्तरेचा बाण क्रावचुकने हाताने पुन्हा काढला,
"ती कुणाला फिरवता येत नाही."
मी कागद ट्रकच्या आरशासमोर धरून
माझं घर वाचलं.

राहिलं शयनगृह तीन.
एल्डन म्हणाला, तारासचं.
तारास आठ वर्षं कॅल्गरीत,
नाताळला दोन रात्री, त्यातली एक सोफ्यावर.
मी म्हटलं, शिवणकामाची.
मग दोघंही कागदाकडेच बघत राहिलो.
क्रावचुकने वाट पाहिली,
आणि सुलट अक्षरांत लिहिलं: खोली.
त्याचे पैसे लावले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये, नीपावाच्या अलीकडे,
दिवेलागणीला एल्डनने गाडी हळू केली.
एकवीसशे चौऱ्याहत्तर.
काहीही न बदलता, जसंच्या तसं;
गॅरेज डावीकडे, व्हरांड्यात कमरेइतका बर्फ,
झुलत्या बाकाच्या नुसत्या साखळ्या वर.
पडदे ओढलेले नव्हते.
आत आमची खोडलेली भिंत उभी होती,
पिवळी रंगवलेली, वर एक घड्याळ,
आणि तिला एक हात टेकून, एका पायावर,
कुणी म्हातारा बूट काढत होता.
दुसरीकडे कुठे काढणार?

बराच वेळ आम्ही तिथे थांबलो,
दुसऱ्याच्या घराकडे बघू नये इतका वेळ.
एल्डन म्हणाला,
"पाया तरी सहा फूट असेल ना यांचा?"
मी म्हटलं, गाडी काढ.