चेंडू खाली गेला की

आमच्या टेकडीवर सपाट जागा एकच,
पाण्याच्या टाकीमागची, पलंगपोसाएवढी.
तिच्यावर अकरा पोरं, दोन दगडांचा गोल,
आणि कडेपासून खाली दोनशे बारा पायऱ्या.
पायऱ्या संपल्या की वाल्पाराइसोचं बंदर,
बंदर संपलं की नुसतं पाणी.

नियम पोरांनीच केलेला:
ज्याच्या पायाचा चेंडू, त्यानंच आणायचा.

माझं दुकान वरून शंभराव्या पायरीला.
बावीस वर्षं या स्टुलावर बसून मी जग पाहिलं,
म्हणजे समोरून गेलेले चेंडू
आणि त्यांच्यामागे सुटलेली पोरं.
परत येणाऱ्याच्या धापेवरून सांगतो
चेंडू कुठल्या पायरीला सापडला ते.

काचेमागे पुड्या, बाटल्या, क्रीमची बिस्किटं.
सरकारनं त्यांच्यावर काळे अष्टकोन छापायला लावले:
साखर अति. मीठ अति. चरबी अति.
वाटलं, झालं, धंदा बसला.
कसला बसतोय! पोरं अष्टकोन मोजून घ्यायला लागली,
तीनवाली पुडी दोनवालीपेक्षा भारी.

बाल्तासार कायम गोलकीपर.
गोलकीपरला खाली पळावं लागत नाही
हे त्यानं सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.
आई हासिंता रात्री मासळीच्या कारखान्यात,
सकाळी बशीखाली पैसे.
ते पैसे माझ्याकडे यायचे, तीनवाल्या पुडीसाठी,
आणि मी सुटे परत द्यायचो, न बोलता.
न बोलणं हाही एक धंदाच.

मग रायेनला कुठूनसा काळा कागद मिळाला.
शिंप्याची मुलगी, कात्री हातातच जन्मलेली.
दोन दिवसांत अख्खी टेकडी अष्टकोनांनी भरली.
कुत्र्याच्या पट्ट्यावर: भुंकणं अति.
बाईंच्या पर्शीवर: गृहपाठ अति.
तिच्याच धाकट्या भावाच्या पाठीवर: भाऊ अति.
आणि बुधवारी सकाळी दुकान उघडलं तर
माझ्या स्टुलावर, मधोमध:
बसणं अति.

मी चिडलो.
चिडून त्याच्यावरच बसलो.

दुपारी मागच्या शेगडीवर घेवडा शिजत होता,
लाल भोपळा, मक्याचे दाणे, वरून मोडून टाकलेल्या शेवया,
माझं एकट्याचं जेवण, पण भांडं जुनं, सात माणसांचं.
बाल्तासार पुडीकडे बोट दाखवता दाखवता थांबला.
"दोन एलिसेओ, हा वास विकायला आहे का?"
"नाही."
"याच्यावर किती अष्टकोन?"
मी झाकण उलटसुलट करून पाहिलं. एकही नव्हता.
त्याचा चेहरा थोडा पडलाच.

तेवढ्यात वरून चेंडू आला, ठप्प, ठप्प,
आणि मी, का कोण जाणे, अडवायला पाय पुढे केला.
बुटाला लागून चेंडू रेलिंगवर, रेलिंगवरून खाली,
खाली, आणखी खाली.
टाकीजवळ अकराच्या अकरा गप्प.
मग रायेनचा आवाज, न्यायाधीशासारखा:
"ज्याच्या पायाचा चेंडू!"

एकशे बारा पायऱ्या उतरणं सोपं.
सोबत बाल्तासार निघाला, "मला काम नाही," म्हणाला.
चेंडू बंदरावर दोरखंडांच्या वेटोळ्यात पडलेला,
अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा निवांत.
चढताना तिसाव्या पायरीला मी थांबलो,
चाळिसाव्याला तो,
पन्नासाव्यापासून कोण थांबतंय हे मोजणं सोडलं.
त्याच्या कानामागे घाम होता,
माझ्या गुडघ्यात नवी ओरड.
अर्ध्यावर तो हसायला लागला, कशाला ते सांगेना.
हसल्यानं दोघांचाही दम गेला, पुन्हा बसावं लागलं.

घेवडा तळाला लागला होता.
तरी सगळी पोरं खाली उतरली, वाट्या अपुऱ्या,
दोघांनी झाकणात खाल्लं.
करपलेला थर कुणाला यावर भांडण झालं,
तो बाल्तासारनं खरवडून नेला.

पुड्या अजून विकतो. खोटं कशाला सांगू,
भाडं कुणालाच चुकत नाही.
पण दुपारी भांडं चढतं, आणि सोबत
आणखी पाच वाट्या आणल्यात, बाजारातून, चिरा गेलेल्या.
स्टुलावरचा अष्टकोन काढलेला नाही.
कोपरे उचललेत, मीच डिंक लावतो.

परवा बाल्तासारनं गोल सोडून पुढे येत
चेंडू खाली मारला. मुद्दाम.
माझ्यासमोरून पळताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही दुसरीकडे पाहत होतो,
पायऱ्या मोजत.